'सदृश' प्रश्न आणि दोन श्रेयांकांची उत्तरे

विद्यापीठांच्या वर्तुळात 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द अलीकडे मंगलाचरणासारखा उच्चारला जातो. चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेत तो असतो, मूल्यांकन समितीपुढे ठेवायच्या अहवालात तो असतो, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नव्याने बेतलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत तर तो असतोच असतो. समाजापुढील प्रश्न गुंतागुंतीचे आहेत, ते कोणत्याही एका विद्येच्या आवाक्यात मावत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांना अनेक विद्यांच्या साहाय्याने ते हाताळायला शिकवले पाहिजे, हे त्यामागचे म्हणणे. या म्हणण्याशी आमचे भांडण नाही. ते खरे आहे, इतकेच नव्हे, तर मराठीत ते नवेही नाही. आमचे भांडण आहे ते या खऱ्या म्हणण्याच्या नावाखाली वर्गात प्रत्यक्ष जे चालते त्याच्याशी. आणि त्यात आमचाही हात आहे, म्हणून हे भांडण थोडे स्वतःशीही आहे.

एक प्रसंग सांगतो. एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या क्षेत्रीय प्रकल्पांच्या प्रदर्शनाला आम्हांला परीक्षक म्हणून बोलावले होते. विषय होता दुष्काळ. सहा विद्यार्थ्यांच्या एका गटाने टँकरच्या फेऱ्यांचे वेळापत्रक मोबाइलवर दाखवणारे ॲप तयार केले होते. दोघे संगणकशास्त्राचे, एकेक अर्थशास्त्राचा, भूगोलाचा आणि वाणिज्याचा, आणि एक मुलगी मराठीची. म्हणजे कागदावर आंतरविद्याशाखीयता अगदी काठोकाठ भरलेली. नकाशावर गावोगावी ठिपके होते. टँकर तेथे पोचला की ठिपका निळा होई. आम्ही सहज विचारले, या गावात टँकर नेमका कुठे रिकामा होतो? मुलांनी ठिपक्यावर बोट ठेवले. तेव्हा इतका वेळ मागे उभी असलेली मराठीची मुलगी म्हणाली, "तिथं नाही ओतत, सर. वरच्या आळीच्या विहिरीत ओततात. ज्यांच्याकडं लांब दोर आणि घरात चार माणसं असतात त्यांचं आधी भरतं. आमच्या वस्तीला मागून गाळ राहतो." हे अहवालात का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "ते माझ्याकडं नव्हतं. माझ्याकडं फलकांचं शुद्धलेखन होतं."

त्या प्रकल्पाला दुसरे पारितोषिक मिळाले. निकालपत्रावर आमचीही सही आहे.

या प्रसंगात कोणी खलपुरुष नाही. मुले हुशार होती, मार्गदर्शक प्रामाणिक होते. तरीही त्या गटातील जिला प्रश्न माहीत होता तिच्याकडे शुद्धलेखन सोपवले गेले, आणि ज्यांना प्रश्न माहीत नव्हता त्यांच्याकडे उत्तर सोपवले गेले. हा अपघात नव्हे. आज ज्या रीतीने 'अनेक विद्या एकत्र' आणल्या जातात, त्या रीतीतच ही वाटणी बसलेली आहे. प्रश्न काय आहे हे आधीच ठरलेले असते. विद्याशाखांनी येऊन आपापले हत्यार लावायचे असते. साहित्याकडे त्या प्रसंगी लावण्याजोगे हत्यार दिसत नाही, म्हणून त्याच्या हाती फलक पुसायचे फडके दिले जाते.

आम्हांला येथे उलट बाजू मांडायची आहे. सामाजिक प्रश्न हाताळायला शिकवणे म्हणजे मुख्यतः प्रश्न नीट मांडायला शिकवणे होय, आणि प्रश्नाची मांडणी ही भाषेत होते. म्हणून जेथे भाषा-साहित्याचा अभ्यास पाहुणा म्हणून बसतो, तेथे आंतरविद्याशाखीयता घडूच शकत नाही; फार तर तिच्यासदृश काही घडते.

'सदृश' हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरला आहे. दुष्काळाचेच उदाहरण पुढे नेऊ. साहित्याच्या विद्यार्थ्याला उपमा शिकवताना आपण साधर्म्यवाचक शब्दांची यादी देतो. 'सम', 'सदृश', 'परी', 'जैसा'. या यादीतला एक शब्द महाराष्ट्राच्या प्रशासनाने उचलला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यात प्रथम 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला. या दोहोंच्या मधल्या दिवसांत पाऊस, पीक, विहिरीची पातळी यांत काय फरक पडला असेल? फरक पडला तो शब्दात. दुष्काळ ही सरकारवर काही जबाबदाऱ्या टाकणारी गोष्ट आहे. त्याचा नुसता भास होत असेल, तर त्या जबाबदाऱ्यांना वेळ असतो. अलंकाराचे असे भौतिक परिणाम काव्यशास्त्राच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात सांगितले आहेत?

याला इतिहासही आहे. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञाच काढून टाकली. अन्नपाण्याच्या स्थितीवर आता राज्याची नजर असल्याने तसा प्रसंग उद्भवणार नाही, अशी त्यामागची श्रद्धा. राहिली ती 'टंचाई'. पुढे दहा वर्षांच्या आतच १९७२चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांनी त्याला टंचाई म्हटले नाही. उच्च न्यायालयात एका जनहित याचिकेवर सुनावणी झाल्यावर, मे २०१६ मध्ये, सरकारला आपल्या आदेशांतील 'टंचाई' या शब्दाच्या जागी 'दुष्काळ' वाचावे असे जाहीर करावे लागले. त्याच्या महिनाभर आधी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोचवावे लागले होते. म्हणजे रूळांवरून पाणी आधी पोचले, कागदावर शब्द नंतर.

आता मराठी शब्द पाहा. 'अवर्षण' म्हणजे पाऊस न पडणे; हा हवामानशास्त्राचा विषय. 'टंचाई' म्हणजे मागणीच्या मानाने कमी असणे; हा पुरवठा खात्याचा विषय. 'दुष्काळ' म्हणजे मात्र वाईट काळ. त्या शब्दात पाणी नाही, पाऊस नाही, धान्य नाही, काळ आहे. ज्यांनी हा शब्द घडवला आणि शतकानुशतके वापरला, त्यांना एवढे कळले होते की ही आपत्ती एका कारणाची नसते, सगळा काळच फिरतो. सतराव्या शतकातील ज्या दुष्काळाने तुकोबांचा संसार आणि व्यापार मोडला, तो केवळ कोरड्या ढगांचा नव्हता. सावकारी, बाजार, देणेघेणे, घरातली माणसे, सगळे त्यात आले. 'आंतरविद्याशाखीय' या शब्दाने आपण आज जे सांगू पाहतो, ते 'दुष्काळ' या शब्दात आधीच होते. तो शब्द काढून 'टंचाई' बसवली, तेव्हा प्रश्नाचेच तुकडे पाडून खात्यांत वाटणी झाली. विद्यापीठांनी नंतर त्याच वाटणीप्रमाणे विभाग मांडले आणि आता त्या विभागांना पुन्हा शिवण्यासाठी दोन श्रेयांकांची सुई शोधली आहे.

दोन श्रेयांक म्हणजे प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने साठ तास. या साठ तासांत विद्यार्थ्याने गावात जायचे, प्रश्न ओळखायचा, माहिती जमवायची, उपाय सुचवायचा, छायाचित्रे जोडायची आणि अहवाल बांधून द्यायचा. ३६ तासांत उपाय शोधण्याच्या राष्ट्रीय स्पर्धा २०१७ पासून होत आहेतच. त्यामानाने साठ तास म्हणजे चैन म्हणायची. स्पर्धांतून चांगली यंत्रे निघत असतील, त्याबद्दल आमची तक्रार नाही. यंत्राचा प्रश्न छत्तीस तासांत सुटू शकतो. दुष्काळ हा यंत्राचा प्रश्न आहे असे समजणे ही मात्र चूक आहे, आणि ती चूक आपण अभ्यासक्रम म्हणून शिकवतो आहोत.

त्या मुलीच्या 'मागून गाळ राहतो' या वाक्यापासून सुरुवात केली असती तर काय दिसले असते? महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढेच पाणी साठते. हे भूशास्त्राने सांगायचे. त्या थोड्या पाण्यावर कोणाची विंधनविहीर किती खोल जाते, हे कर्ज आणि जमीनधारणा यांवर ठरते. हे अर्थशास्त्राने सांगायचे. शेततळ्याला अनुदान मिळते, पण त्यात प्लास्टिक अंथरून पावसाऐवजी भूजलच उपसून भरले, तर एकाचे तळे भरताना शेजाऱ्याची विहीर आटते. उपायच कारण होतो. सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा लागवडीच्या अगदी थोड्या क्षेत्रावरचा ऊस पितो, आणि ज्यांच्या शिवारात पाणी नाही ती माणसे उचल घेऊन तोच ऊस तोडायला जातात. हे राजकारणाच्या अभ्यासकाने सांगायचे. त्या तोडीचा एक दिवसही बुडू नये या धास्तीत बीडकडच्या बायकांची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न पुढे आला, त्यावर २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली; हे वैद्यकाने सांगायचे. आणि विहिरीवर कोणाचा दोर आधी पडतो, हे जातीच्या इतिहासाने. महाडला पाऊस कमी पडत नाही. तरीही १९२७ साली तेथल्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाण्याचा प्रश्न हा नेहमी पाण्याचाच असतो असे नाही, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितले आहे?

हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कलीच्या दोन अध्यापकांनी १९७३ साली नियोजनावरील एका निबंधात अशा प्रश्नांना एक नाव दिले. आपण त्यांना 'बिकट प्रश्न' म्हणू. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की अशा प्रश्नाची अंतिम व्याख्या करता येत नाही. तो कसा मांडला यावर त्याचे उत्तर ठरते. तो सुटला असे म्हणून थांबण्याची खूण नसते. आणि उपाय करून पाहताना माणसांची आयुष्ये बदलतात, म्हणून चुकण्याची मोकळीक नसते. हा निबंध आता जगभर व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जातो. गंमत अशी की जो निबंध उत्तरांच्या घाईविरुद्ध लिहिला गेला, त्याचेच नाव घेऊन उत्तरांच्या कार्यशाळा भरवल्या जातात.

प्रश्नाची मांडणी बदलली की काय होते, याचे उदाहरण शोधायला बर्कलीला जायचे कारण नाही. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला त्यांनी काम सुरू केले. अभियंत्याचा प्रश्न असतो, पाणी किती आणि ते कसे अडवावे. साळुंख्यांनी त्याच्यापुढे दुसरा प्रश्न ठेवला: अडवलेले पाणी कोणाचे? पाणी पंचायतीचे उत्तर होते, पाणी जमिनीला नव्हे, माणसाला मिळेल. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनाचाही त्यावर हक्क राहील. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. यातले एकही वाक्य जलशास्त्राचे नाही. पण या वाक्यांवाचून तेथले जलशास्त्र कोणाच्या कामी आले असते?

तसाच प्रकार डॉ. आंबेडकरांच्या १९१८च्या निबंधात आहे. शेतजमिनीचे तुकडे फार लहान झाले, ते जोडावेत, असा त्या वेळचा सर्वमान्य प्रश्न होता. आंबेडकरांनी विचारले, तुकडा लहान की मोठा हे कशाच्या मानाने? आणि शेतीवर साचलेल्या रिकाम्या श्रमाला उद्योगांत वाट मिळाल्याखेरीज जमीन जोडून काय साधणार? प्रश्न एका खात्यातून उचलून त्यांनी दुसऱ्या जागी ठेवला. महात्मा फुल्यांच्या १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर महसूल, कर्मकांड, कारकुनी, जंगलखाते, पाटबंधारे आणि बांध-ताली एकाच दमात येतात. त्यांतले एक काढले तर बाकीची कोसळावीत, अशी ती मांडणी. इरावती कर्वे यांनी महाभारतातील व्यक्तींवर 'युगान्त' लिहिले ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. आणि जाई निंबकर यांच्यासमवेत केलेली कोयना धरणग्रस्तांची त्यांची पाहणी १९६९ साली. एकाच बाईंच्या टेबलावर ही दोन कामे होती आणि त्याबद्दल त्यांनी कोणाकडून श्रेयांक घेतले नाहीत.

ही परंपरा आम्ही अभिमान मिरवण्यासाठी सांगत नाही. या माणसांनी एकेका विद्येत बूड टेकून काम केले होते, म्हणूनच त्यांना तिच्या हद्दीबाहेर पाऊल टाकता आले. आज आम्ही अठरा वर्षांच्या मुलाला एकही विद्या मुरण्याआधी सहा विद्यांची चव देतो आणि त्याला व्यापकता म्हणतो. खानावळीतल्या ताटात सहा वाट्या असतात म्हणून कोणी त्याला पाकशास्त्र म्हणत नाही.

आता आमच्या घराकडे वळू. साहित्याच्या अध्यापकांत या बाबतीत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, साहित्याने प्रश्न सोडवायचे नसतात. कलाकृती स्वायत्त असते, तिला समाजशास्त्राच्या गाड्याला जुंपू नका. दुसरा पंथ कलाकृतीला आनंदाने जुंपतो. 'बारोमास' आली की 'ग्रामीण समस्यांचे चित्रण', 'झाडाझडती' आली की 'विस्थापितांच्या समस्यांचे चित्रण'. मुद्दे एक ते दहा, उपसंहार, संपले. पहिला पंथ दार लावून बसतो आणि दुसरा दाराबाहेर उभा राहून इतरांची ओझी वाहतो. दोघांनाही एक गोष्ट दिसत नाही. कादंबरी समस्येचे चित्रण करते तेव्हा ती समस्येची एक मांडणी करत असते, आणि ती मांडणी सरकारी अहवालाच्या मांडणीला आव्हान देऊ शकते. 'बारोमास'मधला शिकलेला, नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ कोणत्या तक्त्यात बसेल? शेतकऱ्यांच्या की सुशिक्षित बेकारांच्या? तो दोहोंत बसतो म्हणून दोहोंतून निसटतो. हे निसटणे दाखवणे ही साहित्याची कामगिरी आहे. आणि ती कलाकृती म्हणून नीट वाचल्याशिवाय, निवेदन कोणाच्या तोंडी आहे, कोण बोलते आणि कोणाला बोलू दिले जात नाही हे पाहिल्याशिवाय, हाती लागत नाही. म्हणजे स्वायत्ततावाद्यांचेच बारकाईचे वाचन, पण दार उघडे ठेवून.

मग करायचे काय, असा प्रश्न येईल. आमची मागणी साधी आहे. एका महाविद्यालयाने एक प्रश्न घ्यावा, स्वतःच्या तालुक्यातला, आणि तो किमान दोन वर्षे धरून ठेवावा. तीन विषयांचे अध्यापक एकाच वेळी एकाच वर्गात बसावेत. एक शिकवत असताना बाकीच्यांनी विद्यार्थ्यांबरोबर ऐकावे आणि सर्वांदेखत हरकत घ्यावी. विद्येची हद्द कुठे संपते हे विद्यार्थ्याला व्याख्यानातून कळत नाही, दोन जाणत्यांच्या मतभेदातून कळते. वाचनात सातबारा असावा, पैसेवारीचा तक्ता असावा, शासननिर्णय असावा, भूजलाचा नकाशा असावा, कादंबरी असावी आणि विहिरीवरच्या बाईचे जसेच्या तसे उतरवून घेतलेले बोलणेही असावे. पन्नास पैशांच्या आत-बाहेर पीक मोजणारी पैसेवारी कोणी, कोणत्या शेतात, कोणाच्या उपस्थितीत ठरवली, हा प्रश्न संख्याशास्त्राचा जितका तितकाच निवेदनशास्त्राचा आहे. आणि शेवटी परीक्षा उत्तराची नको. विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात प्रश्न ज्या वाक्यात मांडला होता आणि दोन वर्षांनी ज्या वाक्यात मांडतो, त्या दोन वाक्यांमधले अंतर तपासावे. ते वाक्य ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांची हरकत अहवालात नोंदवावी. उपाय सुचला तर उत्तम. न सुचला तर अनुत्तीर्ण करू नये.

हे शक्य नाही, असे आम्हांला सांगितले जाईल. तासिका तत्त्वावर, वर्षावर्षाच्या बोलीवर नेमलेल्या अध्यापकाने दोन वर्षांचा प्रश्न कसा धरून ठेवावा? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो आमच्या मागणीविरुद्ध नसून व्यवस्थेविरुद्ध आहे. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून दीर्घकालीन प्रश्नांचे शिक्षण अपेक्षिणाऱ्या धोरणाने आधी त्याच्या जूनची व्यवस्था लावावी. रिकाम्या जागा न भरता विद्याशाखांच्या भिंती पाडायला निघणे म्हणजे घरात माणसे नसताना खोल्या मोठ्या करणे होय. पण तेवढ्यासाठी थांबायचे कारण नाही. दोन अध्यापकांनी एक तास एकत्र घ्यायला कोणाचा शासननिर्णय लागत नाही. लागतो तो दुसऱ्याच्या विषयात आपण अडाणी आहोत हे विद्यार्थ्यांसमोर मान्य करण्याचा धीर. आणि आमच्या पेशात तोच दुर्मिळ आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा शेवट आपण दरवर्षी शिकवतो. तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीत शाळा चालवायला येतो, मनावर घेतो आणि गावाकडून तालीम बांधून घेतो. तालीम उभी राहते, राजा येऊन समारंभही होतो. आजच्या भाषेत प्रकल्प पूर्ण होतो. मग पाऊस जातो आणि गाव उठते. तालमीत चूक काहीच नव्हती; ती गावाने खपून बांधली होती. पण गावापुढचा प्रश्न तालमीचा नव्हता. ही कादंबरी १९५५ची. ती समस्येचे 'चित्रण' म्हणून दहा मुद्द्यांत शिकवायची, की आपल्या प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचायची, हे आता आपण ठरवायचे आहे. आणि वाचन संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीला विचारायचे, तुमच्याकडे टँकर कुठे ओततात?